पात्र आधी अंगात बसवा: हौशी नटांसाठी देहाच्या तालमीचा सहा आठवड्यांचा क्रम

म्हातारा करायचा म्हटलं की पहिल्याच तालमीत नटाची कंबर वाकते, हात थरथरायला लागतो आणि काठी मागवली जाते. हौशी मंडळांत हे इतकं रुळलंय की दिग्दर्शकालाही खटकत नाही. पण सांगलीत गणपती पेठेच्या एखाद्या कोपऱ्यावर तासभर उभं राहून साठी-सत्तरीची माणसं नीट बघा. बहुतेकांची कंबर सरळच असते. पाऊल मात्र आखूड पडतं, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढलेला असतो, मागून हाक आली तर मान एकटी वळत नाही, खांद्यासकट धड वळतं, आणि पायरी येण्याआधीच नजर खाली गेलेली असते. यातल्या दोन गोष्टी जरी नटाने अंगात मुरवल्या तरी काठी लागत नाही.

हा क्रम त्यासाठीच आहे. देहात एक बारीक बदल करायचा, तो घेऊन साधी कामं करत राहायची आणि संवाद त्यानंतर आणायचे. संवाद आधी पाठ झाले की आवाजाची लकब बसते, देह तिच्यामागे फरफटत येतो आणि प्रयोगापर्यंत हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही. ज्या गावात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या गावातल्या नटांना हे परकं वाटू नये. त्या सुरुवातीच्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं ती अंगाने वठवायची. नाट्यशास्त्रानेही अभिनयाच्या चार प्रकारांत आंगिकाला, म्हणजे देहाने होणाऱ्या अभिनयाला, स्वतंत्र जागा दिली आहे आणि कोणत्या पात्राने कसं चालावं यावर वेगळा अध्याय खर्ची घातला आहे. विसाव्या शतकात युरोपात रूडॉल्फ लाबान, मायकेल चेखॉव्ह, जाक लकॉक या नृत्य-नाट्यशिक्षकांनी याच कामाच्या रीतसर पद्धती बसवल्या. त्यांतलं जे हौशी तालमीत खरोखर जमतं तेवढंच पुढे घेतलंय.

जागा, वेळ, कपडे

आठवड्यातून तीन संध्याकाळी, दर वेळी दीड तास. नोकरी-दुकान सांभाळून येणाऱ्यांना याहून जास्त झेपत नाही आणि सहा आठवड्यांना एवढं पुरतं. आठ-दहा जणांना साधारण २० बाय ३० फुटांचा मोकळा हॉल हवा. बाकं भिंतीला लावा आणि कोपरे असलेल्या वस्तू बाहेर काढा. शाळांच्या हॉलला बहुधा शहाबादी असते. तिच्यावर अनवाणी काम करा, कारण मोजे घसरतात. उड्या तिथे टाळा. गुडघे टेकायचे व्यायाम जाजमाची चौपदरी घडी घालून करा. जीन्स नको. ती जांघेत आणि गुडघ्यात अडते, आणि मग पात्राची चाल आपण ठरवली की पॅन्टने, ते कळत नाही. पोटभर जेवून येऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला स्पष्ट विचारा: गुडघा, कंबर, मान यांचं जुनं दुखणं आहे का? रक्तदाब, चक्कर, हृदयाचा त्रास, गरोदरपण? सगळ्यांसमोर सांगायला लोक लाजतात, म्हणून दिग्दर्शकाने एकेकट्याला बाजूला घेऊन विचारावं. रक्तदाब किंवा चक्करेचा त्रास असलेल्यांनी डोकं खाली न्यायचे व्यायाम वगळावेत.

अंग मोकळं करणं (२० मिनिटं, दर वेळी)

तीन मिनिटं नुसतं चाला, हॉलभर, गोल न फिरता. मग घोट्यापासून वर एकेक सांधा, प्रत्येकी आठ वळसे. मान मागे टाकून पूर्ण गोल फिरवू नका, पुढून अर्धा गोल पुरे. त्यानंतर पाठीचा कणा: गुडघे किंचित सैल ठेवून हनुवटीपासून एकेक मणका सोडत आठ आकड्यांत खाली, तसंच उलट क्रमाने आठ आकड्यांत वर, चार वेळा. डोकं सगळ्यात शेवटी वर येतं. ज्याचं आधी येतं त्याची मान अजून सुटलेली नाही. मग चार संथ सूर्यनमस्कार आणि त्यानंतर पाच जोर, पंधरा बैठका.

जोर-बैठका मुद्दाम आहेत. या भागात आखाड्याची परंपरा असल्यामुळे निदान एखाद्याला तरी त्या नीट माहीत असतात, त्याच्याकडून शिकून घ्या. पात्राचं वजन खाली आणायचं तर मांड्यांत ताकद लागते, आणि ती नसली की दहाव्या मिनिटाला नट पुन्हा स्वतःच्या उंचीवर येतो. मात्र उत्साहाने शंभर बैठकांवर जाऊ नका. मांड्या धरल्या की चालीतला बारकावा जातो आणि नवख्याचा गुडघा दुखतो. दर आठवड्याला पाच-पाचने वाढवा.

पहिला आठवडा: स्वतःची खोड ओळखणं

दुसऱ्याचं चालणं घेण्याआधी स्वतःचं ठाऊक हवं, नाहीतर प्रत्येक पात्रात तुमचाच डावा खांदा उतरलेला दिसेल.

पायांत दोन मुठींचं अंतर ठेवून उभे राहा. वजन टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ या तीन ठिकाणी सारखं. गुडघे मागे ताणून कुलूपबंद करू नका. हात खांद्यांतून लोंबू द्या. दात एकमेकांवर नकोत, जीभ टाळ्याला चिकटलेली नको. नजर डोळ्यांच्या रेषेत. श्वास बरगड्यांच्या बाजूंना आणि पोटात जाऊ द्या. असं तीन मिनिटं. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्या दिवशी क्वचितच कुणाला जमतं.

इथे सगळ्यात जास्त आडवी येते ती शाळेच्या पीटीतली ‘सावधान’. उभं राहा म्हटलं की छाती पुढे, पोट आत, श्वास वर. त्यावर उपाय म्हणजे जोडीदाराने पाठीमागून दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांवर नुसते टेकवायचे आणि ‘हात बाजूला ढकल’ म्हणायचं. श्वास खाली उतरला की छाती आपोआप बसते. दुसरी चूक म्हणजे पायाची बोटं जमीन धरून ठेवतात. बोटं एकदा वर उचलून पसरा आणि मग सोडा.

आता चाला. जोडीदाराने मोबाईलवर पुढून, मागून आणि बाजूने तीस-तीस सेकंद चित्रण करायचं. ते पाहून प्रत्येकाने वहीत स्वतःच्या चार खोडी लिहायच्या: कोणता खांदा खाली, कोणतं पाऊल बाहेर वळतं, कोणता हात कमी हलतो, डोकं धडाच्या पुढे आहे का. ही वही शेवटपर्यंत लागते.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी चेहरा झाका. लकॉकच्या शाळेत यासाठी भावहीन मुखवटा वापरतात. आपल्याला जाड पांढऱ्या कागदाचा, डोळ्यांना आणि नाकाला ऐसपैस भोकं पाडलेला साधा मुखवटा चालतो. तो लावून खोलीत या, खुर्ची बघा, बसा, कुणाची तरी चाहूल घ्या, उठा. भुवया आणि हसू यांच्या भरवशावर अभिनय करणारा नट इथे एकदम उघडा पडतो. ते त्याच्या भल्याचं आहे, त्याला तसं सांगा.

दुसरा आठवडा: बघणं

हॉल सोडून बाहेर पडा. मार्केट यार्ड, एसटी स्टँड, सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर किंवा हरिपूर रस्त्याला फिरायला येणारी मंडळी. एका वेळी एकच माणूस, वीस मिनिटं. वहीत पाचच प्रश्न: वजन कुठे आहे? शरीराचा कोणता भाग आधी पुढे जातो? लय कोणती आणि ती कधी मोडते? श्वास कुठे दिसतो? नजर किती लांब जाते?

हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत यार्डात एखादा हमाल पाहिलात तर ते का महत्त्वाचं ते कळेल. पोतं घेताना तो कंबरेत वाकत नाही. एक पाय पुढे, एक मागे टाकून गुडघ्यांतून खाली बसतो. दुसरा गडी पोतं कलतं करतो आणि ते मानेच्या मुळावर आणि खांद्यांवर येतं. क्षणभर श्वास कोंडलेला असतो, उचल झाली की तो आवाज करत सुटतो. मग पावलं आखूड आणि भराभर, तळवा सपाट, गुडघा एकदाही पूर्ण सरळ होत नाही, डोकं पुढे. इथपर्यंत कुणीही नट बघतो. खरं पाहायचं असतं ते पोतं थप्पीवर टाकून तो मोकळा परत येतो तेव्हाचं. मान अजून पुढेच असते, हात धडापासून सुटे, गुडघे तसेच मऊ. ओझं उतरलेलं असतं पण अंगाने ते धरून ठेवलेलं असतं. चहा पिताना, बायकोशी बोलताना, मुलाच्या शाळेत गेल्यावर तो याच अंगाने जातो. रंगमंचावर तुम्हाला हे अंग आणायचंय. उचलण्याची नक्कल करायचीच नाही.

चोरून चित्रण करू नका. जवळ जाऊन सांगा, नाटकासाठी बघतोय, चहा पाजा, विचारा कुठे दुखतं. माणसं आनंदाने सांगतात आणि दुखण्याची जागा कळली की चालीचं कारणही कळतं. गावातल्या ओळखू येईल अशा एकाच माणसाची हुबेहूब नक्कल नाटकात मात्र आणू नका. दोघा-तिघांचं निरीक्षण मिसळा.

बघितलेलं त्याच रात्री हॉलमध्ये करून बघायचं. दोन दिवसांनी केलं तर आठवणीत फक्त ठळक लकब उरते आणि तिचं व्यंगचित्र होतं.

तिसरा आठवडा: शरीराचा कोणता भाग आधी निघतो

तटस्थ चालीतून, म्हणजे स्वतःच्या खोडी बाजूला ठेवलेल्या साध्या चालीतून, सुरुवात करा आणि एकेक भाग ‘पुढारी’ करा: कपाळ, नाक, हनुवटी, छाती, पोट, ओटीपोट, गुडघे. प्रत्येकी तीन मिनिटं. तो भाग दोरीने ओढला जातोय असं समजून बाकीचं शरीर मागून येऊ द्या. थोड्या वेळात स्वभाव आपोआप उगवायला लागतो. हनुवटी पुढे गेली की भांडायची तयारी होते, छातीने चाललं की आवाज मोठा होतो, गुडघ्यांनी चाललं की अपराधी वाटायला लागतं. हे अर्थ ठरीव नाहीत. तुमच्या अंगात काय उमटलं ते लिहा.

आता मोजपट्टी लावा. दहा म्हणजे अतिशयोक्ती, शून्य म्हणजे तुम्ही स्वतः. आधी दहावर जा, दोन मिनिटं राहा, मग दिग्दर्शकाने आकडा पुकारत खाली आणायचं: सात, पाच, तीन, एक. दहावर जायला लाजणाऱ्याचा तीन कधीच खरा होत नाही. भावे नाट्यमंदिरासारख्या मोठ्या प्रेक्षागृहात तीन-चार ठेवावा लागतो, शाळेच्या हॉलमधल्या एकांकिकेला दोन पुरतो आणि कॅमेऱ्यापुढे एकसुद्धा जास्त होऊ शकतो.

चेखॉव्हने याला आणखी एक पदर जोडला. जो भाग पुढारी आहे त्या केंद्राला नुसती जागा देऊ नका, गुणही द्या. कपाळातलं केंद्र टोकदार आणि थंड आहे की कोमट आणि पसरट? पोटातलं जड आणि ओलं आहे की गरगरतंय? कल्पनेतला हा एवढा बदल चाल पार बदलून टाकतो. नाटकातली दोन मुख्य पात्रं समोरासमोर येत असतील तर त्यांची केंद्रं वेगळी आहेत ना, हे दिग्दर्शकाने पाहावं. दोघंही छातीने बोलायला लागले की प्रवेश नुसता आरडाओरड्याचा होतो.

चौथा आठवडा: जोर, वेग, दिशा

या आठवड्याला घाई करू नका. लाबानने हालचालीकडे बघण्याची जी रीत दिली तिच्यात तीन प्रश्न आहेत. जोर जड की हलका? वेग झटक्याचा की सावकाश? दिशा थेट की वाकडीतिकडी? तिन्हींच्या मिळून आठ जोड्या होतात आणि प्रत्येकीला एक कृती.

जड, झटक्याची, थेट: ठोसा. जड, झटक्याची, वाकडी: कोयत्याचा तिरका सपकारा. जड, सावकाश, थेट: ढकलणं, दाबणं. जड, सावकाश, वाकडी: पिळणं. हलकी, झटक्याची, थेट: बोटाने टिपणं. हलकी, झटक्याची, वाकडी: अंगावरची धूळ झटकणं. हलकी, सावकाश, थेट: सरकत जाणं. हलकी, सावकाश, वाकडी: तरंगणं.

दर संध्याकाळी तीनच घ्या. आधी कृती खऱ्या वस्तूवर करा: ओली चादर खरोखर पिळा, भिंत खरोखर ढकला. मग वस्तू काढून घ्या आणि तीच कृती सगळ्या अंगाने करा. मग ती पाठीने, कोपराने, गुडघ्याने करा. मग त्याच गुणाने चाला, पाणी प्या, दार उघडा. शेवटी एक साधं वाक्य घ्या, उदाहरणार्थ ‘पैसे उद्या देतो म्हणालो ना’, आणि ते आठही प्रकारे म्हणा. पिळत म्हटलं की त्यात कुढणं येतं, टिपत म्हटलं की सावकारी येते, सरकत म्हटलं की बोलणारा खोटं बोलतोय असं वाटायला लागतं. आवाजाला काहीच सांगितलेलं नसतं, तरी तो बदलतो, कारण श्वास बदललेला असतो.

चुका ठरलेल्या आहेत. ‘जड’ म्हटलं की नट स्नायू आवळतो आणि श्वास धरतो. जडपणा ओटीपोटातून खाली जमिनीत गेला पाहिजे. खांदे वर आले तर तो जोर नसून ताण आहे. ‘हलकं’ म्हटलं की टाचा उचलून नाचल्यासारखं होतं. हलक्या माणसाचीही टाच जमिनीला लागते. आणि ‘वाकडी दिशा’ म्हणजे गोंधळ नव्हे, लक्ष एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी असणं.

भूमिकेसाठी दोन जोड्या निवडा. एक रोजची, दुसरी अडचणीत सापडल्यावरची. एरवी सरकत वावरणारा पुढारी खुर्ची जाताना दिसली की टिपायला लागतो, किंवा सगळं आयुष्य दाबत काढलेली आई एका प्रवेशात एकदाच सपकारते. तो बदल नेमका कोणत्या वाक्यावर होतो ते संहितेत पेन्सिलीने खुणा करून ठेवा. नाटकभर एकच गुण चालू ठेवला तर पंधराव्या मिनिटाला प्रेक्षकाला पात्र कळून चुकतं.

पाचवा आठवडा: ताण आणि मुद्रा

लकॉकच्या परंपरेत अंगातल्या ताणाच्या सात पायऱ्या शिकवतात. गळून गेलेला, सैल, नेमका, सावध, ‘आता काहीतरी होणार’, उद्रेक, थिजलेला. एकाच साध्या कामावर, म्हणजे दार उघडून आत येऊन पत्र उचलण्यावर, सातही करून बघा. नवखे नट चौथ्या-पाचव्या पायरीवर नाटकात शिरतात आणि तिथेच राहतात, त्यामुळे शेवटच्या प्रवेशाला वर जायला जागा उरत नाही. प्रत्येक एन्ट्रीला आकडा ठरवा.

दुसरं काम म्हणजे सगळ्या अंगाची एकच मुद्रा. पात्राला काय हवंय ते एका क्रियापदात सांगा: ओढून घ्यायचंय, ढकलून द्यायचंय, झाकायचंय, फोडायचंय. ते पायांपासून बोटांपर्यंत, मोठ्यात मोठ्या हालचालीने, सुरुवात, मध्य आणि शेवट स्पष्ट ठेवून पाच वेळा करा. पहिलवान शड्डू ठोकतो तेव्हा मांडी, पाठ, श्वास आणि नजर एकाच क्षणी एकाच कामाला लागलेली असतात. तेवढं एकवटलेपण हवं. मग ती मुद्रा आत घ्या, बाहेरून हात न हलवता मनात करा आणि लगेच वाक्य म्हणा. ही मुद्रा प्रेक्षकाला दाखवायची नसते, तिचा उपयोग विंगेत, एन्ट्रीच्या आधीच्या तीन सेकंदांत असतो.

जनावरांची निरीक्षणंही याच आठवड्यात बसतात. पण जनावर घ्यायचं तर एकच अंग घ्या, म्हशीची मान वळवण्याची सावकाशी किंवा मांजराचं थांबणं. वीस मिनिटं पूर्ण जनावर, मग मोजपट्टीवर दोनपर्यंत खाली.

सहावा आठवडा: अडतीतला दिवाणजी

हे सगळं एका भूमिकेवर कसं उतरतं ते पाहू. समजा संहितेत अडत दुकानातले ५८ वर्षांचे दिवाणजी आहेत. नट ३२ वर्षांचा, बँकेत काम करणारा.

पहिली पायरी, पात्राच्या कामाने अंगाला काय केलं ते शोधा. चाळीस वर्षं गादीवर मांडी घालून बसणं, त्यामुळे कंबर मागे गेलेली, पाठ गोल, गुडघे आखडलेले. उजवा हात लिहिणारा, डावा पान धरणारा. नजर चष्म्यावरून वर येते, हनुवटी आत राहते. दुसरी पायरी, यातलं एकच निवडा. इथे उठणं निवडलेलं बरं, कारण नाटकात ते सगळ्यांना दिसणार आहे. नटाने रोज दहा वेळा मांडीवरून उठावं: आधी डावा हात गादीवर, मग एक गुडघा उभा, उजवा हात त्या गुडघ्यावर, धड पुढे, ढुंगण वर, मग दुसरा पाय, आणि उभं राहिल्यावर लगेच चालायचं नाही. दोन श्वास थांबायचं, कारण आखडलेला गुडघा पहिल्या पावलाला वजन घेत नाही. पहिली तीन-चार पावलं आखूड, मग चाल सुटते. म्हातारपण दाखवायला एवढं पुरेसं आहे.

तिसरी पायरी, अर्धा तास कामं: वही उघडणं, चष्मा पुसणं, कुलूप लावणं, पायरी उतरून चप्पल घालणं. अजून संवाद नाहीत. चौथी, रोजची जोडी ठरवा: टिपणं. अडचणीतली: पिळणं. पाचवी, मालकाशी, हमालाशी आणि घरच्या माणसाशी, तिघांशी वेगवेगळ्या अंतरावर उभं राहून मूकपणे प्रवेश करा. मालकासमोर छाती आणखी आत जाते, हमालासमोर हनुवटी वर येते. सहाव्या पायरीला संवाद. पाठ करताना नट गादीवर बसलेलाच हवा. खुर्चीत बसून पाठ केलेलं वाक्य मांडीवर बसल्यावर वेगळ्या श्वासात तुटतं आणि प्रॉम्प्टरची गरज पडते.

धोतर, नऊवारी, कोल्हापुरी वहाण जे प्रयोगात असेल ते चौथ्या आठवड्यापासून तालमीला घाला. धोतराने पावलाची लांबी ठरते, कोल्हापुरीने टाचेचा आवाज. रंगीत तालमीला पहिल्यांदा घातलं की सहा आठवड्यांची चाल एका संध्याकाळी मोडते.

लंगडणं, आजार, दारू

इथे अज्ञान लगेच दिसतं, कारण प्रेक्षकांत कुणीतरी ते घरी बघितलेलं असतं.

पाय दुखत असेल तर माणूस त्या पायावर कमी वेळ उभा राहतो, म्हणून त्या बाजूचं पाऊल लांबवत नाही, तर निरोगी पाऊल घाईने पुढे टाकतो. गुडघा वाकत नसेल तर पाय बाहेरून अर्धगोल फिरवून आणतो किंवा त्या बाजूचं कंबरेचं हाड वर उचलतो. खुब्याचे स्नायू कमजोर असतील तर त्या पायावर वजन येताना धड त्याच बाजूला झुकतं. तिन्ही प्रकार वेगळे आहेत. संहितेत काय झालंय ते आधी ठरवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडते. स्पर्धेतल्या नाटकांत हे उलट अनेकदा दिसतं. हात सरळ सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीला यावी, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं.

अर्धांगवायूनंतर बहुधा हात कोपरात वाकून छातीजवळ राहतो, पाय ताठ फिरतो. कंपवातात पाऊल आखूड आणि घासत, हात हलत नाहीत, वळताना चार-पाच बारीक पावलं लागतात. थरथर बहुधा हात स्वस्थ असताना जास्त असते आणि काही धरायला गेल्यावर कमी होते. नट नेमकं उलट करतात.

दारुड्याचं सगळं काम सरळ चालण्याच्या धडपडीत आहे. तो झोकांड्या लपवत असतो. पाय रुंद टाकतो, वस्तू धरण्याआधी हात क्षणभर थांबतो, नजर उशिरा वळते. झोकांडी नाटकात एकदा किंवा दोनदा.

दोन तास एका बाजूने लंगडण्याने नटाची कंबर खरोखर धरते. म्हणून तालमीत दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं तटस्थ चालीत या आणि लंगडण्याची खरी कृती पायात न करता लयीत करा: एक लांब, एक आखूड. प्रेक्षकाला लय दिसते. चपलेत खडा टाकण्याची युक्ती सांगणारे भेटतील. ती करू नका, तळव्याला जखम होते आणि दुसऱ्या प्रयोगाला खरंच उभं राहवत नाही.

बिघडतं कुठे

चाल सुरुवातीला छान आणि दहा मिनिटांनी गायब होत असेल तर नटाने दोन-तीन लकबी एकदम घेतल्या आहेत. एक ठेवा. चाल आहे पण बसल्यावर पात्र नाहीसं होतं, तर केंद्र ठरलेलं नाही. पहिल्या वहीतली खोड परत दिसायला लागली, उदाहरणार्थ नटाची स्वतःची वाकडी मान, तर तो थकला आहे किंवा घाबरला आहे. संवाद थांबवून तटस्थ उभं राहण्यावर परत जा. सहनट हसत असतील तर मोजपट्टीवरचा आकडा पाचच्या वर गेलाय. आणि नट फार कष्ट घेतोय असं दिसत असेल तर बहुतेक वेळा श्वास धरलेला असतो. त्याला प्रवेश करताना मोठ्याने सुस्कारे टाकायला सांगा, दोन मिनिटांत अंग सुटतं.

शेवटच्या रांगेतून एकदा बघा. तिथून बोटं आणि भुवया दिसत नाहीत, छातीची दिशा, डोक्याचा कोन आणि पावलाची लय दिसते. जे तिथून वाचता येत नाही ते ठेवायला हरकत नाही, पण त्यावर प्रवेश टेकवू नका.

प्रयोगाच्या दिवशी मेकअपच्या आधी पंधरा मिनिटं अंग मोकळं करा. मेकअप झाल्यावर घामाने तो उतरतो. वेशभूषा झाली की रिकाम्या रंगमंचावर पात्राच्या चालीने एकदा सगळ्या एन्ट्री-एक्झिट चालून या, विशेषतः काळोखातल्या. नेपथ्याच्या पायऱ्यांची उंची तालमीतल्या बाकापेक्षा वेगळी असते, आणि आखूड पावलाचा दिवाणजी तिथे अडखळतो. पडदा पडल्यावर पाच मिनिटं कणा सोडणं, तटस्थ चाल आणि चेहऱ्यावरून हात फिरवणं एवढं करूनच मेकअप उतरवा. दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटले तर ते दोन दिवसांत जातात. सांध्यात टोचणारं दुखणं किंवा पायात मुंग्या आल्या तर लकब लगेच बंद करा, फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि पुढच्या प्रयोगासाठी तीच भूमिका दुसऱ्या केंद्रावर बांधा.